लिमड्यासमोरचा फूटपाथ

आमच्या घरातलं जेवणाचं टेबल जेवणासाठी कमी आणि पत्रकांसाठी जास्त वापरलं जायचं. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात बडोदा शहराला शिकवायचे. नळाला गढूळ पाणी आलं की पत्रक. विश्वामित्री नदीच्या काठावर कोणी भराव टाकला की पत्रक. रावपुऱ्यातल्या छापखान्यातून गठ्ठे यायचे, एका बाजूला गुजराती आणि दुसऱ्या बाजूला मराठी, आणि आई नि मी त्यांच्या घड्या घालत बसायचो. मी वाचायला शिकले ती 'नागरिक बंधुभगिनींनो' या शब्दांवर. शाळेत 'माझी आई' या विषयावर निबंध आला तेव्हा मी शेवटी तीन मागण्या केल्या होत्या. बाईंनी त्याखाली लाल शाईने लिहिलं, 'या आईपर्यंत पोचवाव्यात.'

अशा घरातली मुलगी पुढे शहररचनेच्या कामात पडली याचं कोणाला नवल वाटलं नाही. मी एका लहानशा ऑफिसात काम करते. रस्ते, चौक, बाजाराचे ओटे, बसण्याच्या जागा अशी कामं आमच्याकडे असतात. नकाशे इतर लोक काढतात. नकाशातली प्रत्येक वस्तू कुठून येणार, कशी येणार, कोण बनवणार आणि जुनी काढली ती कुठे जाणार, हे बघणं माझ्याकडे आहे. लोकांना वाटतं शहर कागदावर तयार होतं. मला ते ट्रकमधून येताना दिसतं. एका बाकामागे एक खाण असते, एक भट्टी असते, डिझेल असतं, कुठल्यातरी गावाचा पोखरलेला डोंगर असतो. ज्या शहराला आपला दगड कुठून आला हे माहीत नाही, त्याने स्वतःला हिरवं म्हणवून घेऊ नये, असं मी एकदा एका अहवालात लिहिलं होतं. आमच्या मॅडमनी ते वाक्य खोडलं आणि म्हणाल्या, "हे तुझ्या बाबांना दे. इथे फक्त दगड कुठून येणार ते सांग."

खंडेराव मार्केटकडून रावपुऱ्याकडे येणाऱ्या एका जुन्या रस्त्याचा फूटपाथ नव्याने करायचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा मी मागून घेतलं. मी तिथेच राहते. आमच्या इमारतीच्या गॅलरीतून तो फूटपाथ दिसतो. त्याच्यावर गुळगुळीत फरशा होत्या, पावसात माणसं त्यांवरून घसरायची. फरशीखाली काँक्रीट होतं. आणि पाण्याच्या पाइपासाठी एके ठिकाणी खणलं तेव्हा त्या काँक्रीटखाली पिवळसर दगडाच्या लाद्या निघाल्या. जाड, हाताने घडवलेल्या, कडा अजून धड असलेल्या. कुठल्या खाणीच्या, ते कोणालाच सांगता येईना. मी चार ठिकाणी विचारलं आणि मग सोडून दिलं. त्या आपल्याच पायाखाली आहेत, एवढं पुरेसं होतं.

नवा दगड आणायचाच नाही, असं मी मांडलं. लाद्या उचलायच्या, साफ करायच्या, परत बसवायच्या. वरची फरशी आणि काँक्रीट वाघोडियाच्या वाटेवरच्या एका यार्डात नेऊन दळायचं. राडारोडा घेऊन गेलेला ट्रक रिकामा परत येऊ नये, त्याच राडारोड्याची चुरी घेऊन यावा, आणि तीच लाद्यांखाली पसरावी. नदीतली वाळू नको. सगळा फूटपाथ आपल्याच पोटातून तयार होईल. मॅडमना ते पटलं. महापालिकेच्या इंजिनिअरसाहेबांनी "करून बघा" म्हटलं. ठेकेदारकाकांनी मात्र चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे दयेने पाहिलं.

"बेन, पेव्हर ब्लॉक म्हणजे बिस्किटं. पुडा फोडायचा नि मांडायची. हे तुमचे दगड म्हणजे मोठ्या घरची सासू. प्रत्येकीची खुशामत करायची, मग ती बसणार."

"बसली की उठणार नाही ना पण?"

"ते खरं," काका म्हणाले. "सासू उठत नाही."

या रस्त्यावर, मधोमध एका बंद गोडाऊनची लांबच लांब भिंत आहे आणि तिच्यासमोर रस्त्याच्या पलीकडे एक मोठा लिमडा आहे. आम्ही बडोद्याचे मराठी लोक कडुनिंबाला घरातसुद्धा लिमडाच म्हणतो. दर वर्षी दिवाळी संपली की या भिंतीलगतच्या फूटपाथवर एक बाई येते. तिचा नवरा आणि दीर सोबत असतात. ते दोन टोकांना खांब उभे करतात आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या सुती दोऱ्याचे पदर ताणतात. मग भाताची खळ, रंग आणि काचेची पूड यांचा लगदा मुठीत घेऊन, ताणलेल्या दोऱ्यावरून हात फिरवत, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत चालत राहतात. पतंगाचा मांजा करायच्या या कामाला आमच्याकडे दोरी पाजणं म्हणतात. उत्तरायण येईपर्यंत सगळी भिंत गुलाबी होते. घरात आम्ही संक्रांत म्हणतो आणि तिळगूळ करतो. जिना उतरला की उत्तरायण होतं.

त्या बाईला सगळे लिमडावाळी खाला, म्हणजे लिमड्याची मावशी, म्हणतात. तिचं नाव विचारायची कोणाला कधी गरज पडली नाही, आणि हीच तिची अडचण होती. तिला दुकान नव्हतं, पाटी नव्हती. मकरपुऱ्याहून, वाघोडियाहून लोक रिकाम्या फिरक्या घेऊन यायचे ते लिमड्यासमोर. एका वर्षी गटाराच्या कामामुळे तिला मागच्या गल्लीत बसावं लागलं होतं. लोक लिमड्यापर्यंत आले, ती दिसली नाही, म्हणून पुढच्या चौकातल्या माणसाकडे फिरक्या देऊन गेले. तोही चांगली दोरी पाजायचा. मग त्यातले पुष्कळ जण पुढच्या वर्षीही तिकडेच गेले. बाकीचं वर्ष तिचा नवरा गाद्या-रजया भरतो, पण घर चालतं ते या हंगामावर. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, कारण गॅलरीत उभं राहून मी तिच्याशी गप्पा मारायचे आणि आई मागून ओरडायची, "खाली जाऊन बोल, नाहीतर गप्प बस. सगळा रस्ता ऐकतोय."

म्हणून काम ठरवताना मी लिमड्यासमोरचा तुकडा सगळ्यात आधी घेतला होता. दिवाळीच्या आत तो व्हायचाच होता.

तो झाला नाही. त्या वर्षी पाऊस नवरात्रापर्यंत रेंगाळला. लाद्यांवर ओतलेलं काँक्रीट सुटता सुटेना. यंत्र लावलं तर लादी फुटायची, म्हणून छिन्नीने काढावं लागलं. आणि ते काम येणारे पाथरवट आणि गवंडी सगळे दाहोदकडचे. दिवाळीला ते गावी जातात. शेतातलं आवरतात, लग्नं ठरवतात, देवदिवाळी करतात आणि मग त्यांच्या मनाला येईल तेव्हा परत येतात. त्यात काही चूक नाही. शहराने त्यांना वर्षभर दिलंय तरी काय, की त्यांनी सणाला इथे थांबावं? पण धनत्रयोदशीला ते गेले तेव्हा लिमड्यासमोर नुसता लांब खड्डा होता आणि गोडाऊनच्या भिंतीला पिवळ्या लाद्या टेकवून उभ्या केलेल्या होत्या.

भाऊबीज झाली आणि ठेकेदारकाका ऑफिसात आले. त्यांनी आमच्या टेबलावर एक करडा पेव्हर ब्लॉक ठेवला, पेढ्याचा खोका ठेवावा तसा.

"वाघोडियात माल तयार पडलाय," ते मॅडमना म्हणाले. "मांडायला इथलीच माणसं चालतील. खालाबेन खांब घेऊन येईपर्यंत फूटपाथ चकाचक. मी तर खालाबेनच्या भल्याचंच बोलतोय."

"आणि लाद्या?" मी विचारलं.

"लाद्या वापरू ना. कुठेतरी वापरू."

कुठेतरी म्हणजे कुठे, ते मला माहीत होतं. शहरातून उचललेलं आणि कोणालाच नको असलेलं सगळं शेवटी नदीच्या काठावरच्या कुठल्यातरी खड्ड्यात जातं, आणि मग त्या भरावावर बाबा पत्रक काढतात.

मॅडमनी ब्लॉक उचलून बाजूला ठेवला. "तुझ्या गल्लीतलं आहे," त्या मला म्हणाल्या. "तूच सांग. ब्लॉक घातले तर ती बाई वाचते, दगड धरून बसलीस तर तिचा हंगाम जातो. मला दोन्हीचं वाईट वाटेल. पण सोमवारी साहेबांना उत्तर द्यायचंय."

इतकी वर्षं मी ज्या भांडणांत पडले त्यांत एका बाजूला चांगली माणसं असायची आणि दुसऱ्या बाजूला वाईट. पत्रकाला ते सोयीचं पडतं. इथे दुसरी बाजू म्हणून खालाच उभी होती. मी घरी आले तर टेबलावर नवा गठ्ठा पडलेला. पहिल्या पानावर पंख कापलेल्या बगळ्याचं चित्र आणि वर मोठ्या अक्षरांत 'काचेची दोरी नको!'

बाबा हे पत्रक दर वर्षी काढतात. उत्तरायणात दोरीने कापलेली पाखरं आमच्या गच्चीवर पडतात. लहानपणी मी ती पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून दवाखान्यात नेलेली आहेत. नायलॉनच्या दोऱ्यावर बंदी होतीच. काचेबद्दलही दर वर्षी काही ना काही ऐकू यायचं. पण बाबा कोणाच्या बंदीची वाट बघणारे नव्हेत.

मी घड्या घालता घालता त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मी इथे बसून दोरी नको म्हणून छापतोय, आणि माझी मुलगी तिकडे दोरीसाठी फूटपाथ तयार करतेय."

"मी दोरीसाठी नाही करत. खालासाठी करतेय."

"खाला काय पाजते? दूध?"

"बाबा, काच बंद झाली तर खालाने काय करायचं, हे तुमच्या एका तरी पत्रकात आहे का?"

"पत्रकाला जागा किती असते?"

"मागच्या बाजूला आहे की."

"मागच्या बाजूला मराठी आहे," बाबा म्हणाले आणि स्वतःच हसले.

आई आतून पोळ्यांचा डबा घेऊन आली. "भांडण चालू दे," ती म्हणाली, "पण कडा जुळवा. मागच्या वेळी निम्मी पत्रकं तिरकी होती. लोकांना वाटतं, यांचे विचार पण तसेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाला खड्डा बघायला आली. काठावर उभी राहून तिने आधी एका टोकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या. मी खाली गेले. तिच्याशी मी गुजरातीतच बोलते. ती माझ्याशी गुजराती आणि हिंदी मिसळून बोलते.

"हे काय केलंस बेटा? माझं अंगणच उकरलंस."

मी तिला लाद्या दाखवल्या. त्या किती जुन्या आहेत, कुठे सापडल्या, त्या फेकल्या तर कुठे जातील, सगळं सांगितलं. मग ब्लॉकचंही सांगितलं. काही लपवलं नाही. तुला काय हवंय, असं सरळ विचारलं.

तिने एका लादीवर तळवा ठेवला. "सुंदर आहे," ती म्हणाली. "पण मला विचारशील तर, मी काम करताना खाली बघतच नाही. दोरीकडे बघत चालते. खाली दगड असो, ब्लॉक असो, बादशहाचा गालिचा असो. ठेच लागू नये आणि सरळ असावं. आणि माझ्या वेळेला असावं." मग तिने भिंतीकडे हात केला. "त्या गटाराच्या वर्षी मागच्या गल्लीत बसले होते, आठवतंय ना? गेलेली माणसं अजून आलेली नाहीत."

"आठवतंय."

"मग झालं. तू शिकलेली आहेस, तू बघ."

यात टोमणा नव्हता. ती खरोखरच माझ्यावर सोपवून गेली, आणि त्यामुळे मला जास्त जड वाटलं. ती गेल्यावर मी ठरवलं की सोमवारी ब्लॉकला हो म्हणायचं. मनातल्या मनात मी ते वाक्य जुळवूनही पाहिलं, आणि ते वाक्य मला आवडलं नाही. पण पाखरांसाठी जसं खोकं शोधायचं तसं माणसासाठी वेळ शोधायचा असतो, आणि दगडाला घाई नव्हती, खालाला होती.

दुपारी मी साइटवर गेले ते काकांना हेच सांगायला. दळलेल्या चुरीचा ट्रक दिवाळीआधीच येऊन गेला होता. खड्ड्याच्या एका टोकाला ती पसरून, पाणी मारून ठोकलेली होती. राखण करायला ठेवलेले दोन मजूर जेवायला बसले होते. बूड ओलं होऊ नये म्हणून त्यांनी भिंतीला टेकवलेल्या तीन-चार लाद्या आणून त्या चुरीवर टाकल्या होत्या. त्यावर मांडी घालून, मधे डबा ठेवून, आरामात चाललं होतं. काका रस्त्याच्या कडेला स्कूटरवर बसून चहा पीत होते.

"या बेन," ते म्हणाले. "तुमच्या फूटपाथचं उद्घाटन झालं. पंगत बसली."

मी हसले. मग बघत राहिले. मजुरांपैकी एक जण हात धुवायला उठला, लाद्यांवरून चालत गेला आणि परत आला. लादी हलली नाही.

"काका, या जोडायच्या कशाला?"

"म्हणजे?"

"सिमेंट नको. सांधे भरायचे नाहीत. घडाई नाही, काही नाही. नुसत्या चुरीवर मांडायच्या, सपाट. उत्तरायणापर्यंत. दाहोदची माणसं परत आली की उत्तरायणानंतर उचलायच्या आणि मग नीट करायच्या."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "एकच काम दोनदा?"

"तुम्हीच म्हणालात, पंगत. पंगत बसते आणि उठते."

"बेन, मी मस्करी करत होतो."

"मी नाही."

ते स्कूटरवरून उतरले, खड्ड्यात आले, लादीवर उभे राहिले आणि एका पायावरून दुसऱ्यावर अंग टाकत डुलले. मोठ्या अंगाचा तो माणूस डुलताना बघून मजूर हसायला लागले. "सासू न रुसता बसली," काका स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे बोट करून, "पण साहेबांशी तुम्ही बोलायचं. मी नाही."

साहेब सोमवारी आले. त्यांनी प्रत्येक लादीवर बूट आपटून पाहिला. अर्धवट काम लोकांसाठी उघडं करायचं, कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची, असं त्यांनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. मॅडमनी सांगितलं की आमचं ऑफिस रोज सकाळी बघेल. साहेबांनी लिमड्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं आणि लिमड्यासमोरच्या तुकड्याला परवानगी दिली. पण त्यापुढचा, चौकापर्यंतचा सगळा फूटपाथ ब्लॉकने करायचा, लगेच. सगळा रस्ता दगडांची वाट बघत बसू शकत नाही, असं ते म्हणाले.

मी चिडले. मोठ्याने बोलले. पुढच्या लाद्या कुठे जाणार ते लिहून द्या, असंही म्हणाले. मॅडमनी माझ्या कोपराला हात लावला. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेन, मी तुम्हाला अर्धा दिलाय. इथे अर्धासुद्धा कोणी मागत नाही." तो अर्धा मला आजही पुरेसा वाटत नाही. त्या पुढच्या लाद्यांपैकी थोड्या काकांनी त्यांच्या गोडाऊनमध्ये ठेवल्या, मला बरं वाटावं म्हणून. बाकीच्या गेल्या. कुठे, ते मी शोधून काढलं आणि बाबांना सांगितलं. पण ते वेगळं पत्रक झालं.

लाद्या मांडायला माणसं कमी होती. खालाचा नवरा आणि दीर आले. दोन मजूर होते. मी होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर जुना शर्ट घालून, हातात शाळेच्या प्रयोगशाळेतली पाणसळ घेऊन बाबा जिना उतरत होते.

"मी दोरीसाठी आलो नाही," त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं. "फूटपाथसाठी आलोय."

"या साहेब," काका म्हणाले. "कागद वाटायला आलात की काय, मला वाटलं."

बाबा प्रत्येक लादीवर पाणसळ ठेवून, बुडबुडा मधे आला की मुंडी हलवायचे. नाही आला की चुरी काढायला नाहीतर घालायला लावायचे. काकांना आधी त्याचा वैताग आला. जेवणाच्या वेळेपर्यंत मात्र ते स्वतःच विचारायला लागले, "साहेब, पास की नापास?" थंडीचं छान ऊन होतं. पलीकडे भाजीच्या लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, चालल्या होत्या. येणारेजाणारे थांबून बघायचे, सल्ला द्यायचे आणि पुढे जायचे. आमच्या आईने गॅलरीतून चहाची किटली दोरीने खाली सोडली. साधी दोरी, बाबा म्हणाले.

खाला आली तेव्हा मांडणी संपत आली होती. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, हात दोरीवर असावा तसा वर धरून, खाली न बघता. एकदाच थबकली. "इथे," तिने पायाने दाखवलं. बाबांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा मधे होता. तिने परत पाय ठेवला. "इथे," ती म्हणाली. बाबांनी लादी उचलायला लावली.

दोन दिवसांनी खांब उभे राहिले. त्याआधीच काही जण लिमड्यापाशी येऊन खड्डा बघून गेले होते. ते त्या वर्षी परत आले नाहीत. पण फिरक्या यायला लागल्या. संध्याकाळी बाबा आणि मी खाली गेलो तेव्हा खाला तयार फिरक्या कागदात गुंडाळत होती. गेल्या वर्षीच्या पत्रकांचा एक गठ्ठा तिच्या मांडीशी होता. बाबांचं तिकडे लक्ष गेलं.

"हे माझे कागद ना?"

"तुमचेच साहेब. पेपरवाला उरलेले देतो. फार चांगला कागद. दोरी चिकटत नाही."

"वाचता तरी का?"

"गुजराती बाजू वाचते ना. ती वरून ठेवते. मराठी आतून."

म्हणजे इतकी वर्षं 'काचेची दोरी नको' हे काचेच्या दोरीवरच गुंडाळून शहरभर जात होतं. मला हसू आवरेना. बाबा मात्र गंभीरपणे तिथे गोडाऊनच्या पायरीवर बसले.

"बेन, बिनकाचेची नाही का पाजता येणार? नुसती खळ आणि रंग?"

"येते की. लहान मुलांसाठी करते एखादी. पण मोठा माणूस घेणार नाही. पतंग कापला गेला की मला शिव्या."

"कोणी मागितली तर?"

"कोण मागणार?"

मला राहवेना. "बाबा, मी रोज ऑफिसात हेच करते," मी म्हणाले. "नदीची वाळू नको म्हटलं तर मला सांगावं लागतं, मग चुरी कुठून आणायची. तुमच्या पत्रकात नको आहे. कुठून आणायची ते नाहीये."

"मग लिहितो," बाबा म्हणाले. "बिनकाचेची दोरी लिमड्यासमोर मिळेल."

"नको नको," खाला घाईने म्हणाली. "तसं लिहू नका साहेब. लोकांना वाटेल, हिने काच सोडली. नेहमीची माणसं पळतील."

तिला ज्याची भीती होती ती खरी होती, आणि आम्ही दोघं उत्साहात ती विसरलो होतो. खालाने एक फिरकी गुंडाळून संपवली. मग म्हणाली, "असं करा. दोऱ्याचा एक ताण मी बाहेरच्या बाजूला लावते. पिवळा. त्यात काच नाही. ज्याला हवी त्याने पिवळी मागायची. तुम्ही लिहा, पिवळी दोरी. बाकीच्यांचं नाव काढू नका."

बाबांना ते पटायला वेळ लागला. त्यांच्या पत्रकांत आजवर 'बाकीच्यांचं नाव काढू नका' असं कधी झालं नव्हतं. वर येताना जिन्यात ते म्हणाले, "ही तडजोड आहे."

"हो."

"तुझ्या फूटपाथसारखी."

"तशीच."

बाबांनी पत्रक बदललं. बगळा तसाच ठेवला. खाली एक ओळ घातली, दोन्ही भाषांत, की काच न घातलेली पिवळी सुती दोरी लिमड्यासमोर पाजून मिळते. आई म्हणाली, हे पहिलं पत्रक ज्यात काहीतरी मिळतं. मी कडा जुळवून घड्या घातल्या.

डिसेंबरच्या शेवटी एका रविवारी बाबांनी माळ्यावरून माझी लहानपणची फिरकी काढली आणि खाली नेली. खालाच्या नवऱ्याने पिवळा ताण लावला. तो सुकत असताना एक माणूस स्कूटरवरून आला. मागे त्याची लहान मुलगी बसलेली. हातात घडी घातलेलं पत्रक होतं. त्याने लिमड्याकडे पाहिलं, मग रस्ता ओलांडून आमच्यासमोर उभा राहिला आणि बाबांनाच विचारलं, "भाई, ही लिमडावाळी खाला कोण?"

बाबांनी खालाकडे बोट केलं.

"पिवळी आहे ना?" तो तिला म्हणाला.

पिवळीचे असे थोडेच लोक आले. गुलाबीचे पुष्कळ. गटाराच्या वर्षी गेलेल्यांपैकीही काही फिरून आले. दगड बघायला आलो होतो, म्हणाले, आणि फिरकी देऊन गेले. उत्तरायणाला आमच्या गच्चीवर एक कबुतर पडलंच. मी खोकं शोधलं. सगळं बदलल्याचं मी सांगणार नाही.

उत्तरायण झाल्यावर दाहोदची माणसं कामाला लागली. लाद्या एकेक करून उचलल्या. भिंतीच्या बाजूला, खांबापासून खांबापर्यंत, दगडावर गुलाबी थेंबांची ओळ पडली होती आणि बाहेरच्या कडेने एक फिकट पिवळी. पाथरवटाने छिन्नी हातात घेऊन विचारलं, "घासून काढू का?"

मी काकांकडे पाहिलं. काका खड्ड्याच्या कडेला उभे होते.

"तसाच बसव," ते त्याला म्हणाले. "आणि क्रम चुकवू नकोस. पुढच्या वर्षी बाई खाली न बघता चालणार आहे."